फोनमधील नोंदवही व तिचा कारकून

जनरल रजिस्टरात एकदा एका मुलास दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या मुलास देऊ नये. नोंद चुकली तर ती खरवडू नये, तांबड्या शाईने आडवी रेघ मारून वर शुद्ध नोंद लिहावी आणि तिच्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यावी. पान तर कोणत्याही कारणास्तव फाडू नये. ही शिस्त प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या अंगवळणी पडलेली असते आणि तिच्यामागील कारणही त्यास ठाऊक असते. पुढे वीस वर्षांनी तोच मुलगा जन्मतारखेचा पुरावा मागण्यास शाळेत येतो, तेव्हा त्या एका ओळीवर त्याचे पुष्कळ काही अवलंबून असते. आज हजेरी, पोषण आहाराची लाभार्थी-संख्या, चाचण्यांचे गुण अशा अनेक नोंदी कागदाबरोबर मोबाइलवरही होऊ लागल्या आहेत. कागदी वही कोण लिहितो हे शिक्षकास दिसते. फोनमधील वही मात्र दुसराच कोणी लिहीत असतो, आणि तो प्रत्येक फोनात सारखाच शिकलेला नसतो. ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत पाठाचा विषय तोच आहे.

समजा, एका केंद्रातील दोन शाळांनी हजेरीचे एकच ॲप एकाच दिवशी घेतले. एका शिक्षकाचा फोन अँड्रॉइड ९ वर चालणारा, दुसऱ्या शिक्षिकेचा अँड्रॉइड १४ वर चालणारा. ऑगस्टमध्ये दोघांनीही एकेका मुलाच्या पालकांचा बदललेला दूरध्वनी क्रमांक ॲपमध्ये दुरुस्त करावयास घेतला. शिक्षिकेच्या फोनात दुरुस्ती विनातक्रार झाली. शिक्षकाच्या फोनात मात्र इंग्रजीतील एक ओळ झळकून ॲप बंद पडले. तक्रार गेली, पंधरा दिवसांत ॲपची सुधारित आवृत्ती आली, आणि आता दुरुस्ती दोन्हीकडे होऊ लागली. येथपर्यंत सर्व ठीक. पुढे ऑक्टोबरात सत्राची उपस्थिती काढताना शिक्षकाच्या वर्गातील ज्या ज्या मुलांच्या पालकांचा क्रमांक दुरुस्त केला होता, त्या त्या मुलांची जूनपासूनची हजेरी कोरी निघाली. शिक्षिकेच्या वर्गात एकही दिवस गेलेला नव्हता. अशा वेळी पहिला संशय कोणावर जातो, हे सांगावयास नको. ज्याने रोज सकाळी इमानाने हजेरी भरली, त्यालाच ती न भरल्याचा खुलासा देण्याची पाळी येते. या उदाहरणातील माणसे कल्पित आहेत. तथापि फोनात जे घडले ते जसेच्या तसे घडू शकते. ते का घडते हे समजण्यासाठी प्रथम फोनमधील कारकुनाची ओळख करून घेतली पाहिजे.

या कारकुनाचे नाव एसक्यूलाइट. अमेरिकेतील रिचर्ड हिप हे संगणकतज्ज्ञ अमेरिकन आरमाराच्या एका विनाशिकेसाठी आज्ञावली लिहीत असताना ही कल्पना त्यांस सुचली. त्या काळी डेटाबेस म्हणजे एक स्वतंत्र सर्व्हर असे, आणि तो बंद पडला की त्याच्यावर विसंबलेली आज्ञावलीही हात जोडून बसे. सर्व्हरच नको, नोंदी ठेवण्याचे सर्व कौशल्य त्या आज्ञावलीच्या पोटातच असावे आणि सारी वही एका साध्या फाइलमध्ये राहावी, असा विचार करून त्यांनी ऑगस्ट २००० मध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यावर त्यांनी मालकी हक्क ठेवला नाही. कोणीही ती घ्यावी, वापरावी, विकावी. त्यामुळे ती सर्वत्र पसरली. आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनात ती आहे, आणि जगात चालू असलेल्या तिच्या वह्यांची संख्या एक लाख कोटींहून अधिक असावी, असा तिच्या रचनाकारांचाच अंदाज आहे. संदेश, दूरध्वनींची यादी, छायाचित्रांची सूची यांसारख्या गोष्टी फोन याच कारकुनाकडून लिहून घेतो.

आता मुख्य मुद्दा असा की, अँड्रॉइड फोनात हा कारकून बहुधा ॲपचा नसून फोनचा असतो. ॲप फक्त हुकूम लिहिते. हुकमाची अंमलबजावणी फोनमधील कारकून करतो. ॲप अद्ययावत केले म्हणून कारकून बदलत नाही. तो अँड्रॉइडबरोबर येतो आणि फोन तयार करणाऱ्या कंपनीने नवे अँड्रॉइड पाठविले तरच बदलतो. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये एसक्यूलाइटची ३.९ ही आवृत्ती होती. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये ३.१८ आली. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये ३.२२ होती आणि गंमत अशी की, २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्येही तीच ३.२२ राहिली, जरी त्या वेळेपर्यंत एसक्यूलाइट स्वतः बरीच पुढे गेली होती. २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये ३.२८, पुढील १२ व १३ या दोहोंत ३.३२, २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये ३.३९ आणि २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये ३.४४ अशी ही चढण आहे. त्यातही काही कंपन्या आपल्या फोनात याहून निराळी आवृत्ती घालतात. अर्थात् फोन कोणत्या साली विकत घेतला यावरून कारकुनाचे शिक्षण कोठवर झाले ते नेमके सांगता येत नाही. आयफोनमध्येही एसक्यूलाइटच असते व तीही तेथील प्रणालीबरोबरच बदलते. परंतु तेथे फोन बनविणारा एकच आणि प्रणाली देणाराही तोच, म्हणून हा गोंधळ पुष्कळच कमी.

या आकड्यांविषयी एक गोष्ट गणित शिकविणाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दशांश अपूर्णांक म्हणून पाहिले तर ३.९ हा ३.२२ पेक्षा मोठा. पाचवीतील मुलास उलटे वाटते, बावीस हे नवापेक्षा मोठे म्हणून तो ३.२२ मोठा म्हणतो आणि गुण गमावतो. आवृत्तीच्या क्रमांकात मात्र त्या मुलाचेच म्हणणे खरे ठरते! तेथील टिंब हे दशांशचिन्ह नसून केवळ विभागणारी खूण असते. इयत्ता आणि तुकडी यांमधील रेघेसारखी. तिसऱ्या पिढीतील नववी आवृत्ती आधीची आणि बावीसावी नंतरची. ही चूक मुलेच करतात असे नाही. ॲप लिहिणारेही कधी कधी हे क्रमांक दशांश म्हणून अथवा शब्दकोशातील शब्दांप्रमाणे अक्षराक्षराने ताडून पाहतात, आणि मग जुन्या फोनास नवा व नव्यास जुना समजून हुकूम सोडतात. हा घोटाळा टळावा म्हणून एसक्यूलाइट स्वतःचा क्रमांक सलग संख्येतही सांगते. पहिल्या भागास दहा लाखांनी, दुसऱ्यास हजाराने गुणावयाचे आणि तिसरा तसाच मिळवावयाचा. ३.९.२ चे होतात ३००९००२ आणि ३.२२.० चे होतात ३०२२०००. आता कोणती संख्या मोठी याविषयी वाद उरत नाही. स्थानिक किंमतीचा पाठ घेताना हे उदाहरण फळ्यावर मांडण्यास हरकत नाही.

आवृत्त्या बदलल्या म्हणजे बदलते काय? वहीची बांधणी बदलत नाही. २००४ साली एसक्यूलाइटची तिसरी पिढी आली तेव्हा ठरलेली फाइलची रचना आजही तीच आहे, आणि २०५० पर्यंत तिला आधार देत राहण्याचा संकल्प तिच्या रचनाकारांनी जाहीर केला आहे. २००४ मधील फाइल आजच्या फोनात उघडते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीचे संच टिकवून ठेवण्यासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत हिचा समावेश केला आहे, तो या स्थैर्यामुळेच. बदलते ते कारकुनाचे शब्दज्ञान. एसक्यूएल नावाच्या ज्या भाषेत त्यास हुकूम द्यावयाचा, तिच्यातील नवे शब्दप्रयोग एकेका आवृत्तीत त्यास शिकविले गेले. एकाच हुकमात अनेक ओळी भरणे तो २०१२ च्या ३.७.११ मध्ये शिकला. स्तंभाचे नाव बदलणे ३.२५ मध्ये, स्तंभ काढून टाकणे थेट २०२१ च्या ३.३५ मध्ये. जुन्या कारकुनास नवा शब्द ऐकविला तर तो अंदाजाने काही करीत नाही. वाक्यरचना चुकली असे सांगून थांबतो. हा त्याचा मोठा गुण आहे. आरडाओरडा करून थांबणाऱ्या चुकीने बहुधा वही बिघडत नाही.

तथापि त्याचे ओरडणे कधी कधी फसवे असते. समजा, एखाद्या कार्यालयाने गावांची व शाळांची यादी आपल्या नव्या संगणकावर तयार केली, आणि ती फाइल आयती भरून ॲपबरोबर सर्व फोनांत पाठविली. ती करताना संगणकावरील नव्या एसक्यूलाइटमधील ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द तक्त्याच्या व्याख्येत वापरला गेला. वयाच्या रकान्यात आकडेच यावेत, अक्षरे येऊ नयेत, असा कडक नियम करणारा हा शब्द नोव्हेंबर २०२१ मधील ३.३७ या आवृत्तीत आला. म्हणजे अँड्रॉइड १४ च्या फोनात यादी उघडेल. अँड्रॉइड १३ च्या फोनात, जेथे ३.३२ आहे, कारकून वहीचे पहिलेच पान वाचून अडखळेल आणि ‘मालफॉर्म्ड’ असा शेरा देईल. या शब्दाचा सरळ अर्थ ‘बिघडलेली, विकृत’. वाचणाऱ्यास वाटते, फाइल सडली. वास्तविक फाइल धडधाकट असते. वाचणाऱ्यास त्यातील एक शब्द परका असतो, इतकेच. पण घाबरलेला माणूस सेटिंगमध्ये जाऊन ‘क्लिअर डेटा’ दाबतो, आणि न बिघडलेली वही स्वतःच्या हाताने जाळतो. त्याच ॲपमध्ये आजवर भरलेली, वर न पाठविलेली हजेरी असेल तर तीही त्याबरोबर जाते. सबब असा शेरा दिसल्यास प्रथम काही न करणे हेच शहाणपणाचे.

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळण्यास हरकत नाही. तेथील पहिली तक्रार उघड आहे. ‘या क्रमांकाची ओळ नसेल तर नवी लिही, असेल तर तिच्यातील एवढाच रकाना सुधार’ असा जोडहुकूम एसक्यूलाइटमध्ये ४ जून २०१८ च्या ३.२४ या आवृत्तीपासून देता येतो. त्यास अपसर्ट म्हणतात. अँड्रॉइड ११ पासूनच्या फोनांस तो समजतो. अँड्रॉइड ९ व १० यांतील कारकून ३.२२ पर्यंतच शिकलेला, म्हणून तो थांबला व ॲप बंद पडले. आता ॲप लिहिणाऱ्याने घाईने जुन्या फोनांकरिता निराळी वाट काढली. जुन्या कारकुनास फार पूर्वीपासून ठाऊक असलेला एक हुकूम होता, ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’. म्हणजे ‘लिही, अथवा बदल’. नावावरून वाटते की हाही तेच काम करतो. करून पाहिले तर दुरुस्त क्रमांक दिसतोही. चाचणी उत्तीर्ण झाली, सुधारित ॲप रवाना झाले.

पण ‘रिप्लेस’ चा अर्थ दुरुस्ती असा नाही. कारकून त्या क्रमांकाची जुनी ओळ समूळ काढून टाकतो आणि त्याच क्रमांकाची नवी ओळ लिहितो. हुकमात जे रकाने दिले नसतील ते नव्या ओळीत कोरे राहतात, अथवा तेथे आधीच ठरवून ठेवलेली ठरावीक किंमत पडते. पालकांचा क्रमांक बदलताना हुकमात नाव व क्रमांक एवढेच दिले असेल, तर जन्मतारखेचा रकाना रिकामा झालाच म्हणून समजावे. याहून मोठे नुकसान पुढेच आहे. चांगल्या डेटाबेसात विद्यार्थ्यांचा तक्ता व हजेरीचा तक्ता निराळे असतात, आणि हजेरीची प्रत्येक ओळ मुलाच्या क्रमांकाने मूळ ओळीस बांधलेली असते. मुलाची ओळ काढली की त्यास बांधलेल्या हजेरीच्या सर्व ओळीही काढाव्यात, असा नियम रचनाकार पुष्कळदा घालून ठेवतो. मुलगा यादीतून खरोखरच कमी झाला तर त्याच्या अनाथ नोंदी मागे राहू नयेत म्हणून. नियम योग्यच आहे. परंतु हा नियम जागा असताना ‘रिप्लेस’ ने जुनी ओळ काढली की कारकून तो इमानाने पाळतो. क्षणार्धात जून, जुलै, ऑगस्टची हजेरी पुसली जाते. लगोलग त्याच क्रमांकाची, त्याच नावाची नवी ओळ लिहिली जाते. पडद्यावर मुलाचे नाव आहे, क्रमांक तोच आहे, पालकांचा फोन दुरुस्त झाला आहे. कसलीही चूक झळकत नाही, कारण कारकुनाच्या दृष्टीने चूक काही झालेलीच नाही. त्यास पान फाडून नवे लावावयास सांगितले होते, ते त्याने केले.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. एसक्यूलाइटमध्ये तक्त्यांमधील हे बंधन मुळात झोपलेले असते. ॲपने ते जागे केले तरच चालते. म्हणून ज्या ॲपने निष्काळजीपणे ते जागेच केले नाही, तेथे ‘रिप्लेस’ वापरूनही हजेरी शिल्लक राहते. आणि ज्याने काळजीपूर्वक जागे केले, त्याचीच हजेरी जाते. दोन चांगल्या सवयी आणि त्यांमध्ये एक चुकीचा पर्याय, असे हे दुर्दैव आहे. दोष तपासणाऱ्यांस तो लवकर का सापडत नाही, याचे उत्तर पुष्कळ अंशी यातच आहे. त्यात ॲप बनविणाऱ्याच्या टेबलावरील फोन बहुधा नवा असतो. तेथे अपसर्टचीच वाट चालते आणि सर्व काही सुरळीत दिसते.

मग योग्य पर्याय कोणता? तो जुनाच, आणि कोणत्याही आवृत्तीत चालणारा. प्रथम ‘अपडेट’ चा हुकूम द्यावा, म्हणजे असलेल्या ओळीतील तेवढाच रकाना सुधारावा. किती ओळी सुधारल्या हे कारकून सांगतो. उत्तर शून्य आले तर ती ओळ नव्हतीच, तेव्हा ‘इन्सर्ट’ ने नवी लिहावी. ही दोन्ही कामे एकाच व्यवहारात बांधावीत, म्हणजे मध्येच फोन बंद पडला तर एकतर दोन्ही होतील, नाहीतर एकही होणार नाही. गुगलने ॲप लिहिणाऱ्यांसाठी दिलेल्या रूम नावाच्या साधनात २०२३ पासून याच धर्तीची सोय आयती मिळते: आधी लिहून पाहावयाचे, ओळ असल्याचे कळले तर सुधारावयाचे. म्हणजे जुन्या फोनासाठी सुरक्षित मार्ग नव्हता असे नाही. तो एक पाऊल लांबचा होता.

आवृत्तीतील दुसरा एक फरक सुटीच्या आधी किंवा फोन बदलताना शिक्षकांस नडतो. लिहिण्याची एक पद्धत अशी आहे की कारकून नवी नोंद पक्क्या वहीत थेट न चढविता शेजारच्या कच्च्या वहीत लिहितो आणि सवडीने पक्क्या वहीत उतरवितो. एसक्यूलाइटने ती २०१० च्या ३.७.० मध्ये आणली, आणि ज्या ॲपने स्वतः काही ठरविले नसेल त्याच्यासाठीही तिचे एक सौम्य रूप अँड्रॉइड ९ मध्ये २०१८ साली सुरू झाले. पद्धत उत्तम, काम जलद होते आणि वीज गेली तरी वही शाबूत राहते. परंतु या पद्धतीत फाइल एक राहत नाही. मूळ फाइलच्या शेजारी तिच्याच नावाची, शेवटी ‘वॉल’ अशी अक्षरे जोडलेली दुसरी फाइल असते, आणि ताज्या नोंदी तेथे असू शकतात. ज्या ॲपमधील ‘बॅकअप’ चे बटण पूर्वीच्या समजुतीने एकच फाइल उचलते, ते अँड्रॉइड ८ वर पूर्ण प्रत काढील आणि अँड्रॉइड ९ वर शेवटच्या काही दिवसांची हजेरी मागे ठेवील. प्रत उघडते, जुन्या नोंदी दिसतात, आणि शेवटचा आठवडा गायब असतो.

काही फरक याहून निरुपद्रवी, परंतु वर्गात चटकन जाणवणारे असतात. ओळी कोणत्या क्रमाने द्याव्यात हे हुकमात सांगितले नसेल, तर कारकून स्वतःला सोयीच्या क्रमाने त्या देतो, आणि सोय कशात आहे याविषयीचा त्याचा विचार आवृत्तीगणिक बदलतो. २०१३ च्या ३.८.० मध्ये तो विचार करण्याची रीतच नव्याने बसविली गेली. त्यामुळे एका फोनात पटाच्या क्रमाने येणारी नावे दुसऱ्यात वेगळ्या क्रमाने येऊ शकतात, व हजेरी घेणाऱ्याचा हात एक ओळ खाली घसरतो. क्रम सांगितला तरी मराठी नावांची अडचण उरतेच. साध्या क्रमात एसक्यूलाइट अक्षरांना युनिकोडमध्ये मिळालेले क्रमांक पाहते. तेथे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसविलेला आहे, आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘ह’ च्या नंतर नाही. म्हणून ‘काळे’ हे आडनाव ‘कावरे’ च्या आधी येते. ‘ॲ’ ला तर सर्व व्यंजनांच्या पुढचा क्रमांक मिळाला आहे, तेव्हा ‘ॲ’ ने आरंभ होणारे नाव हणमंताच्याही खाली जाते. अँड्रॉइडमध्ये भाषेनुसार क्रम लावण्याची निराळी सोय आहे, पण तो क्रम फोनची भाषा मराठी ठेवली की इंग्रजी, आणि अँड्रॉइड कोणते, यावर अवलंबून राहतो.

या साऱ्यावर एक सरळ उपाय ॲप बनविणाऱ्यांच्या हाती आहे. फोनच्या कारकुनावर न विसंबता ॲपने आपला स्वतःचा कारकून बरोबर आणावा. मग जुना फोन असो वा नवा, आवृत्ती एकच. ॲपचा आकार त्याने थोडासा वाढतो, आणि कारकुनात पुढे काही उणीव निघाली तर ती दुरुस्त करून पाठविण्याचे उत्तरदायित्वही ॲपच्या कर्त्यावर येते. एक पथ्य मात्र पाळावे लागते: एकाच ॲपमध्ये फोनचा कारकून आणि बरोबर आणलेला कारकून अशा दोघांस एकच वही उघडू देऊ नये. दोघांस एकमेकांचे अस्तित्व ठाऊक नसते. एकाने वही मिटली की दुसऱ्याने लावलेले कुलूपही त्याबरोबर निघते, कारण फोनच्या दृष्टीने ते दोघे एकच असतात. आणि मग दोन लेखण्या एकाच ओळीवर चालून वही खरोखरच बिघडते.

शिक्षकांच्या हाती जे आहे ते थोडे असले तरी उपयोगाचे आहे. प्रत्येकाने सेटिंगमधील ‘अबाउट फोन’ येथे जाऊन आपल्या फोनातील अँड्रॉइडचा क्रमांक पाहावा, आणि केंद्रप्रमुखांनी तो शाळावार लिहून ठेवावा. तक्रार वर पाठविताना फोनच्या नावासह तो क्रमांक लिहिला, तर ‘आमच्याकडे चालते’ हे उत्तर सहसा येत नाही. चूक झळकली तर तिचे छायाचित्र घ्यावे, भाषांतर करून कळवू नये. फोन बदलण्याआधी सर्व नोंदी वर पोहोचल्याची खात्री नुसत्या बॅकअपवरून करू नये. नव्या फोनात शेवटच्या दिवसाची हजेरी उघडून पाहावी. ॲपमध्ये कोणत्याही मुलाची माहिती दुरुस्त केली की त्याच मुलाची मागील महिन्याची हजेरी लगेच डोळ्यांखालून घालावी. यास अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ऑक्टोबरात निघावयाची चूक ऑगस्टातच निघते. केंद्राच्या बैठकीत एक मागणीही करता येईल: ॲपच्या माहितीच्या पानावर एसक्यूलाइटची आवृत्ती दिसावी. कारकुनास त्याचा क्रमांक विचारण्याचा हुकूम एका ओळीचा असतो, तेव्हा ती सोय करणे कोणासही जड नाही.

उच्च प्राथमिक वर्गात हा विषय खेळातून घेता येतो. जाड पुठ्ठ्याची दहा कार्डे करावीत. प्रत्येकावर एका मुलाचा हजेरी क्रमांक, नाव व पालकांचा कल्पित दूरध्वनी क्रमांक लिहावा. प्रत्येक कार्डास भोक पाडून दोरा बांधावा आणि त्या दोऱ्यात जुलैतील उपस्थितीच्या चिठ्ठ्या ओवाव्यात. असे दोन सारखे संच लागतील. दोन मुलांस कारकून करून त्यांना एकमेकांकडे पाठ करून बसवावे. पहिल्यास कानात नियम सांगावा: त्या क्रमांकाचे कार्ड सापडल्यास खोडून दुरुस्त कर, न सापडल्यास नवे कर. दुसऱ्यास सांगावे: त्या क्रमांकाचे कार्ड असल्यास त्यास बांधलेल्या सर्व वस्तूंसह टोपलीत टाक आणि नवे कार्ड कर. नंतर मोठ्याने एकच हुकूम द्यावा, ‘सात क्रमांकाच्या मुलाच्या पालकांचा फोन नंबर बदला.’ दोघांनी कार्डे वर धरली की वर्गास विचारावे: सात क्रमांक आहे का? नाव बरोबर आहे का? फोन नंबर बदलला का? दोन्हीकडून ‘होय’ येईल. मग विचारावे, हा मुलगा जुलैत किती दिवस हजर होता? पहिला कारकून चिठ्ठ्या मोजू लागेल, दुसरा टोपलीकडे पाहील. त्यानंतर संचात नसलेला एकतिसावा क्रमांक देऊन दोघांकडून नवी नोंद करवून घ्यावी, आणि या वेळी दोघांच्या कामात फरक का पडला नाही, ते मुलांनाच सांगू द्यावे.